घासण्याआधी उलटा करून पाहा: जुना अमेरिकन वातकुक्कुट घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बॉस्टनजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तांब्याचा एक धावता घोडा पाहिला. तो कधी काळी कोठाराच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवत असे. लांबी सुमारे ३० इंच, अंगभर हिरवा रंग, पोटाखाली सोनेरी छटा आणि एका कुशीत बंदुकीच्या गोळीचे भोक. विक्रेता ४,२०० डॉलर मागतो आहे आणि घोडा ‘कुशिंगचा, १८८० च्या सुमाराचा’, म्हणजे कुशिंग या जुन्या वातकुक्कुट बनवणाऱ्या पेढीचा, असल्याचे सांगतो आहे. गृहस्थांचे प्रश्न तीन आहेत: घोडा खरा आहे हे कसे ओळखावे, किंमत वाजवी आहे का, आणि घरी आणल्यावर तो स्वच्छ कसा करावा.

मी गेली सव्वीस वर्षे न्यू इंग्लंडमध्ये धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करतो आणि जवळजवळ तितकीच वर्षे स्वतः वातकुक्कुट जमवतो आहे. त्याआधीचे माझे सगळे लहानपण पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीतल्या ठोक्यांच्या आवाजात गेले. त्यामुळे पत्र्यावर हातोडी कशी पडते आणि तिची खूण कशी उरते हे मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी पाहिले होते. या उत्तरात जे सांगतो ते त्या दोन्ही ठिकाणच्या अनुभवातून सांगतो. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो की वस्तू हातात घेतल्याशिवाय ती खरी किंवा खोटी असल्याचा निर्वाळा मी देणार नाही, आणि जो केवळ वर्णनावरून किंवा एका फोटोवरून तसा निर्वाळा देईल त्याच्यावर आपणही विसंबू नये.

वातकुक्कुट हा शब्द आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात शिकलो, आणि त्यामुळे डोळ्यांसमोर कोंबडाच येतो. अमेरिकेत मात्र कोंबड्याबरोबर घोडा, गाय, मेंढा, मासा, नाकतोडा, देवदूत, आगगाडीचे इंजिन असे कितीतरी आकार छपरांवर चढले. पण आकार कोणताही असो, मूळ अडचण सगळीकडे सारखीच आहे. आपण ‘खरा की खोटा’ असे विचारले आहे, आणि या वस्तूंच्या बाबतीत तो प्रश्न अपुरा पडतो. जुन्या धडाला नवी शेपटी जोडलेली असू शकते. धड आणि शेपटी दोन्ही जुनी, पण सोन्याचा मुलामा पन्नास वर्षांपूर्वी नव्याने दिलेला असू शकतो. जुन्याच साच्यातून पुढे कधीतरी काढलेली प्रत असू शकते, जी बनवणाऱ्याने प्रामाणिकपणे प्रत म्हणूनच विकली आणि तिसऱ्या मालकाने जुनी म्हणून विकली. त्यामुळे विचारायला हवे ते असे: या घोड्याचा कोणता भाग किती जुना आहे, त्याच्या अंगावरचा राप, म्हणजे ऊन-पावसाने वर्षानुवर्षे चढलेला थर, किती अस्सल आहे, आणि तो कोणत्या छपरावरून खाली आला.

हे घोडे कसे बनत ते समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. आधी कोरीव काम करणारा माणूस लाकडात पूर्ण घोडा कोरत असे. त्या लाकडी नमुन्यावरून बिडाचे साचे ओतले जात, डाव्या बाजूचे वेगळे आणि उजव्या बाजूचे वेगळे. कारागीर तांब्याचा पातळ पत्रा साच्यात ठोकून ठोकून बसवत असे. कान, खूर, आयाळ यांसारखे बारीक भाग स्वतंत्र घडवून जोडले जात. मग दोन अर्धी अंगे कडेला कड लावून शिसे आणि कथलाच्या डाकाने सांधली जात, आतून लोखंडी किंवा पितळी दांड्याचा आधार दिला जाई, आणि शेवटी पिवळ्या रंगाच्या चिकट थरावर सोन्याचा वर्ख चढवला जाई. म्हणजे आज हिरवा दिसणारा बहुतेक प्रत्येक घोडा पहिल्या दिवशी उन्हात लखलखत होता. तांबट आळीतल्या मंडळींना यातली एकही कृती परकी वाटली नसती. फरक इतकाच की आपल्याकडे मठारकाम हंड्याच्या अंगावर मिरवले जाते, आणि इथे ठोक्यांच्या खुणा साच्याच्या नक्षीत विरून जाव्यात अशी अपेक्षा असे.

आता कुशिंगविषयी. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी ए. एल. ज्युएल या माणसाचा वातकुक्कुट बनवण्याचा कारखाना होता. १८६७ मध्ये उंचावर काम करताना पडून त्याचा मृत्यू झाला, आणि त्याचा धंदा कुशिंग आणि व्हाइट या दोघांनी घेतला. पुढे व्हाइट बाहेर पडला आणि ती पेढी ‘एल. डब्ल्यू. कुशिंग अँड सन्स’ झाली. त्यांच्यासाठी हेन्री लीच नावाच्या कोरक्याने लाकडी नमुने कोरले. त्याने कोरलेला लिबर्टी देवीचा नमुना व्हरमाँटच्या शेलबर्न म्युझियममध्ये आहे, आणि तांब्यातल्या मूर्तीपेक्षा तो लाकडी नमुनाच मला अधिक जिवंत वाटतो. न्यूयॉर्कमध्ये जे. डब्ल्यू. फिस्क आणि जे. एल. मॉट, बॉस्टनमध्ये हॅरिस, वेस्ट ब्रिजवॉटरमध्ये जे. हॉवर्ड अशा इतरही पेढ्या होत्या. त्यांचे छापील कॅटलॉग होते, शेतकरी त्यातून घोडा निवडून मागवत असे. शर्यतीतल्या गाजलेल्या घोड्यांच्या प्रतिमा फार खपत. १८४९ साली जन्मलेला ‘इथन ॲलन’ हा त्यांपैकी एक, आणि आपल्या वर्णनावरून विक्रेता बहुधा त्याच नमुन्याबद्दल बोलत असावा. कॅटलॉगमधून मागवलेल्या वस्तूला लोककला म्हणावे का, यावर जाणकारांत जुना वाद आहे. माझे मत असे की तो घोडा कारखान्यातून निघाला तेव्हा चांगल्या कारागिरीची वस्तू होता, आणि सत्तर-ऐंशी वर्षे एका विशिष्ट छपरावर उभा राहिल्यानंतर तो त्या जागेचा झाला.

वरच्या हकिकतीतला आपल्यासाठी महत्त्वाचा भाग साचे हा आहे. बिडाचे साचे सहज झिजत नाहीत. ज्युएलचा धंदा कुशिंगकडे गेला तसे त्याचे नमुनेही गेले, म्हणून एकाच आकाराचा घोडा दोन पेढ्यांचा असू शकतो. आणि काही जुने साचे विसाव्या शतकातही वापरात राहिले. शिवाय एखाद्या जुन्या घोड्यावरून नवा साचा काढणे कुशल माणसाला अवघड नाही. याचा अर्थ असा की ‘आकार हुबेहूब कॅटलॉगमधल्या चित्रासारखा आहे’ हा विक्रेत्याचा आवडता पुरावा वयाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. छातीखाली लावलेली पेढीच्या नावाची छोटी पाटीदेखील नाही. ती पाटी खोटीही बनवता येते आणि खरी असली तरी एका वस्तूवरून काढून दुसरीवर बसवता येते. सत्तर-ऐंशी वर्षे वारा, पाऊस, बर्फ आणि ऊन यांनी जे काम केलेले असते ते मात्र साच्यातून निघत नाही, आणि म्हणून मी परीक्षेची सुरुवात नेहमी तिथून करतो.

घोडा हातात मिळाला की मी आधी तो उलटा करतो. बहुतेक ग्राहक डोक्यापासून पाहू लागतात, कारण डोके देखणे असते. पण या घोड्याच्या पोटाखाली किंवा पायांखालच्या दांड्यावर एक नळी असते, जी लोखंडी कण्यावर बसून वाऱ्याबरोबर फिरत असे. त्या नळीत छोटा टॉर्च सोडून पाहा. वर्षानुवर्षे फिरलेल्या नळीत, जिथे कण्याचे टोक टेकत होते तिथे, वाटीसारखी झीज असते, आणि खालच्या तोंडाशी भोक किंचित लांबट झालेले असते, कारण वाऱ्याचा जोर दांड्याला एका अंगाला ढकलत असतो. लोखंडाचा गंज आतल्या भिंतीला घट्ट चिकटलेला असतो आणि त्याखाली धातू काळसर असतो. नळी आतून गुळगुळीत, तोंड अगदी गोल आणि गंज बोटाला पुडीसारखा लागणारा असेल, तर तो घोडा वाऱ्यात फारसा फिरलेला नाही. ही एक तपासणी दोन मिनिटांत होते आणि तिच्यासाठी विक्रेत्याच्या परवानगीखेरीज काहीही लागत नाही. इथेही अपवाद आहेत: नळी मध्येच कधीतरी बदललेली असू शकते, विशेषतः घोडा वादळात पडला असेल तर. पण मग बदललेल्या नळीचा डाक वेगळा दिसतो आणि विक्रेत्याला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट राप. इथे थोडा वेळ घालवावा, कारण सगळी किंमत शेवटी त्यात आहे. वातकुक्कुट नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. म्हणून नाक, छाती आणि पुढचे पाय यांच्यावरचा वर्ख शेपटीच्या मानाने जास्त झिजतो. पाठीवर पाऊस आणि बर्फ साचते, म्हणून पाठ सर्वांत आधी उघडी पडते. पोटाची खालची बाजू, मांड्यांच्या आतल्या घड्या, आयाळीखालची खाच हे आडोशाचे भाग असतात, आणि तिथे सोने टिकते. आपण पोटाखाली सोनेरी छटा पाहिली असे लिहिले आहे, ते त्या दृष्टीने बरे लक्षण आहे. पण भिंगाने पाहा की सोन्याच्या कडेला पिवळा थर दिसतो का, त्या थराखाली तांबे दिसते का, आणि हिरवा रंग सोन्याच्या कडेखालून वर आल्यासारखा दिसतो का. खऱ्या घोड्यावर हे थर एकमेकांत शिरलेले असतात. बनावट घोड्यावर बहुतेक वेळा आधी हिरवा रंग केलेला असतो आणि मग वर सोनेरी रंग इकडेतिकडे पुसलेला असतो, अगदी नाकाच्या टोकावरसुद्धा, जिथे तो टिकण्याचे काहीच कारण नाही.

हिरव्या रंगाचेही दोन प्रकार आहेत. उघड्या हवेत तांब्यावर हळूहळू चढलेला थर हा धातूशी एकजीव झालेला असतो. तो पातळ, घट्ट आणि एकाच अंगावर तपकिरी, काळपट, फिकट हिरवा असा बदलत जाणारा असतो, आणि पावसाच्या ओघळांच्या रेषा त्यावर वरून खाली उतरलेल्या दिसतात. रसायने फासून आठ दिवसांत आणलेला हिरवा थर एकसारखा, पावडरीसारखा आणि बहुधा निळसर झाक असलेला असतो. पांढरा सुती रुमाल हलकेच ओला करून पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी टेकवून पाहण्याची परवानगी मागा. रुमालावर ठळक हिरवा डाग आला तर थांबा. समुद्रकाठच्या गावातून आलेल्या तांब्यावर मिठामुळे थोडा पावडरीसारखा थर नैसर्गिकरीत्याही येऊ शकतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये. पण मग घोडा समुद्रकाठचा आहे का, हे विक्रेत्याला विचारावे.

तिसरी गोष्ट सांधा. डाव्या-उजव्या अंगांचा सांधा पाठीच्या कण्यावरून आणि पोटाखालून गेलेला असतो. जुना डाक राखाडी, मळकट आणि जरा उंचसखल असतो. वर्ख गेल्यावर तो हिरव्या अंगावर करड्या रेघेसारखा दिसतो. कुठेकुठे तो फाटलेलाही असतो, कारण उन्हाने तापून आणि थंडीने आकसून शंभर वर्षांत सांधा ताण खातोच. सांध्यावर आधुनिक वेल्डिंगची बारीक, समान, खवल्यांसारखी माळ दिसली तर ती जागा अलीकडची आहे. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर ते १९३० च्या दशकानंतरचे आहेत. ते दुरुस्तीतही आलेले असू शकतात, पण मग दुरुस्तीचा उल्लेख पावतीवर हवा.

आता ते गोळीचे भोक. कोठारावरचा घोडा हे गावातल्या पोरांचे आवडते निशाण होते, त्यामुळे गोळ्यांची भोके खऱ्या घोड्यांवर सर्रास आढळतात, आणि नेमके म्हणूनच ती खोट्या घोड्यांवर मुद्दाम पाडली जातात. भोकाच्या कडा नीट पाहा. गोळी आत शिरते तिथे पत्रा आत वळतो आणि पलीकडच्या अंगातून बाहेर पडली असेल तर तिथे पत्रा बाहेर फाटतो. दोन भोके जोडणारी रेषा खालून वर जाणारी असायला हवी, कारण नेम धरणारा जमिनीवर उभा होता. आपल्या घोड्याच्या कुशीतल्या भोकातून काडी आडवी, जमिनीला समांतर जात असेल, तर गोळी कुठून झाडली याचा विचार करावा लागेल. शेजारच्या टेकडीवरून झाडली असेल हे शक्य आहे, पण टेबलावर ठेवून झाडली असेल हेही शक्य आहे. आणि आत वळलेल्या कडेवरचा रंग बाहेरच्या अंगासारखाच असला पाहिजे. तिथे तांब्याची लाली दिसली तर भोक नवे आहे.

हे सगळे मी किती महागात शिकलो ते सांगतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी मी एका लिलावात एक कोंबडा घेतला. शेपटीची पिसे इतकी सुरेख होती की मी बाकीचे पाहिलेच नाही. यादीत ‘एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी’ असे छापले होते आणि मी त्या ओळीवर विसंबलो. कोंबडा तळघरात ठेवला. जुलै आला, हवेत दमटपणा वाढला, आणि एके दिवशी तो उचलताना माझ्या बाहीवर हिरवी पूड उतरली. मग मी तो पहिल्यांदा उलटा केला. नळीचे तोंड नाण्यासारखे गोल होते. सांध्यातल्या एका फटीतून आत पाहिले तर आतला पत्रा, जो शंभर वर्षांत काळा पडायला हवा होता, तो नव्या हंड्यासारखा तांबूस होता. मी तो पुढे विकला तो प्रत म्हणून, दिलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शात. त्यानंतर मी एकही वस्तू आतून पाहिल्याशिवाय घेतलेली नाही. आतल्या बाजूचा रंग बनवण्याचा त्रास फार थोडे लोक घेतात.

किमतीबद्दल माझे उत्तर सोपे नाही. धावत्या घोड्याचा नमुना सर्वांत जास्त बनला, म्हणून तो सर्वांत जास्त मिळतो; चांगल्या स्थितीतल्या जुन्या घोड्याला काही हजार डॉलर पडणे नेहमीचे आहे, आणि अस्सल राप, चांगला आकार व माहीत असलेले छप्पर असेल तर त्याच नमुन्याला याच्या कित्येक पट मिळू शकतात. दुसऱ्या टोकाला, २००६ मध्ये न्यूयॉर्कला सोदबीजच्या लिलावात मॉट पेढीचा मानला जाणारा तांब्याचा एक मूळनिवासी सरदार ५८ लाख ४० हजार डॉलरला गेला. त्या आकड्याने बाजारात पुष्कळांच्या डोळ्यांवर झापड आली. आपण तो आकडा ऐकावा आणि बाजूला ठेवावा, कारण दुर्मीळ आकार, मोठे आकारमान आणि अस्पर्शित राप हे तिन्ही एकत्र येणे फार विरळ आहे. आपल्या घोड्याबद्दल म्हणाल तर तो जुना, न बदललेला आणि मूळ राप असलेला निघाला तर ४,२०० डॉलर ही वाजवी, किंबहुना बरी किंमत आहे. मुलामा नंतरचा आणि शेपटी बदललेली निघाली तर ती जास्त आहे. आणि प्रत निघाली तर ती कितीतरी पट जास्त आहे. म्हणजे किमतीचा प्रश्न पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे, वेगळा नाही.

विक्रेत्याच्या शब्दांकडेही बारकाईने लक्ष द्यावे. ‘कुशिंगचा’, ‘कुशिंगचा मानला जाणारा’ आणि ‘कुशिंगच्या पद्धतीचा’ या तीन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला दावा आहे, दुसरे मत आहे, तिसऱ्यात कसलीच हमी नाही. तोंडी पहिला शब्द वापरणारा माणूस पावतीवर तिसरा लिहू शकतो. म्हणून पावतीवर काळ, पेढीबद्दलचा दावा, ज्ञात दुरुस्त्या आणि ठरावीक मुदतीत परत घेण्याची अट एवढे लिहून मागावे. चांगला विक्रेता हे आनंदाने लिहून देतो. जो आढेवेढे घेतो त्याच्याकडून, घोडा कितीही देखणा असला तरी, मी घेणार नाही.

आता त्या गोष्टीकडे वळतो जी आपण विचारलेली नाही आणि विचारायला हवी होती: हा घोडा चोरीचा तर नाही? हा प्रश्न मी शंकेखोरपणाने विचारत नाही. न्यू इंग्लंडमध्ये छपरांवरून वातकुक्कुट चोरीला जाण्याचा मोठा इतिहास आहे. बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलवर शेम ड्राउन या तांबटाने १७४२ मध्ये बनवलेला सोनेरी नाकतोडा आहे. १९७४ मध्ये तोसुद्धा नाहीसा झाला होता आणि काही दिवसांनी त्याच इमारतीच्या घुमटीत दडवलेला सापडला. व्हरमाँटमधल्या व्हाइट रिव्हर जंक्शन रेल्वे स्थानकावरचे इंजिनाच्या आकाराचे वातकुक्कुट १९८३ मध्ये चोरीला गेले आणि सुमारे चार दशकांनी, विक्रीसाठी लिलावगृहाकडे आले तेव्हा ओळखले जाऊन राज्याला परत मिळाले. इथल्या कायद्याप्रमाणे चोराकडून वस्तूची मालकी पुढे जात नाही, मधल्या खरेदीदारांनी कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असले तरी. तेव्हा कोणत्या गावच्या, कोणत्या इमारतीवरून, कोणत्या साली घोडा उतरवला आणि तेव्हापासून तो कोणाकडे होता हे विचारा. सगळे दुवे मिळतीलच असे नाही. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात मधली दोनचार वर्षे कोरी असणे स्वाभाविक आहे. पण ‘एका जुन्या घरातून आला’ एवढेच उत्तर पुरेसे नाही. चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदवहीत तपासणी करून घेता येते, आणि या किमतीच्या वस्तूसाठी ती करून घ्यावी.

शेवटचा प्रश्न स्वच्छतेचा, आणि इथे मला सर्वांत ठामपणे बोलायचे आहे. आपल्या घरात तांबे म्हटले की चिंच, मीठ, राख, पितांबरी. हंडा लखलखला नाही तर आपल्या आयांना चैन पडत नसे, आणि तांब्याच्या भांड्याला कळंक चढू देऊ नये हा संस्कार योग्यच आहे, कारण त्या भांड्यातले आपण खातो-पितो. पण घोड्याच्या बाबतीत तोच कळंक हा त्याचा जन्मदाखला आहे. एका ओळखीच्या कुटुंबाने, माहेरच्या सवयीने आणि अगदी प्रेमाने, दिवाळीच्या आधी एक जुना मेंढा चिंचेने घासून काढला. माझ्याकडे तो आला तेव्हा तो नव्या लोट्यासारखा चमकत होता. उरलेसुरले सोने, पिवळा थर, ओघळांच्या रेषा, सगळे मोरीतून वाहून गेले होते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी शब्द तोलून बोललो, पण करता येण्यासारखे काही उरले नव्हते. त्या मेंढ्याचा आकार अजूनही सुंदर आहे. त्याचे वय मात्र आता कोणालाही वाचता येणार नाही.

म्हणून आपला घोडा घरी आला तर त्यावर मऊ, कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवा, एवढेच. पाणी नाही, साबण नाही, पॉलिश नाही, तेल नाही, वार्निश तर मुळीच नाही. त्याला पुन्हा छपरावर बसवण्याचा मोह होईल, तो टाळा. घरात, उघड्या खिडकीपासून आणि स्वयंपाकघराच्या वाफेपासून दूर, स्वतंत्र स्टँडवर ठेवा, आणि वजन नळीवर तोला, पायांवर नाही. तळघरात ठेवायचा असेल तर हवेतला दमटपणा कमी करणारे यंत्र लावा. अंगावर कुठे फिकट हिरवे, पावडरीचे ठिपके नव्याने उठू लागले आणि झटकल्यावर पुन्हा आले, तर आत मिठाचा अंश जागा झाला आहे असे समजावे आणि धातूच्या जतनाचे काम करणाऱ्याकडे न्यावे. घरगुती उपाय तिथे नुकसानच करतात. मुलामा किंवा रंग किती जुना आहे याबद्दल मोठी शंका असेल तर रंगाच्या कणाची प्रयोगशाळेत तपासणी करता येते; टायटॅनियमचा पांढरा रंग पहिल्या महायुद्धानंतरच बाजारात रुळला, त्यामुळे मुलाम्याच्या खाली तो सापडला तर निदान तो मुलामा १८८० चा नाही हे ठरते. घोड्याचे धड त्याहून जुने असू शकते, हे मात्र विसरू नये.

ब्रिमफील्डचा बाजार मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतो, म्हणजे निर्णयाची घाई नाही, आणि विक्रेता ‘दुसरे गिऱ्हाईक येतेय’ असे म्हणाला तर ते येऊ द्यावे. दरम्यान आपण बॉस्टनच्या जवळच राहता याचा फायदा घ्या. फॅन्युइल हॉलसमोर दुर्बीण घेऊन उभे राहा आणि नाकतोडा पाहा. शेम ड्राउननेच १७१६ मध्ये बनवलेला तिरंदाज मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे, आणि त्याचा १७२१ चा कोंबडा पुढे केंब्रिजच्या फर्स्ट चर्चवर वाऱ्याबरोबर फिरत असे; तो अजून तिथे आहे का ते आधी विचारून घ्या. जमल्यास एक शनिवार-रविवार शेलबर्नला जा. इलेक्ट्रा हॅवमायर वेब यांनी १९४७ मध्ये उभारलेल्या त्या संग्रहालयात खरे वातकुक्कुट डोळ्यांच्या उंचीवर पाहता येतात, आणि खऱ्या रापाची ओळख डोळ्याला त्यानेच होते. न्यूयॉर्कला गेलात तर अमेरिकन फोक आर्ट म्युझियमचा साडेआठ फूट उंचीचा सेंट टॅमनी, म्हणजे मूळनिवासी सरदाराच्या आकाराचा वातकुक्कुट, मांडलेला आहे का ते आधी विचारून जा.

घोड्याकडे परत जाल तेव्हा टॉर्च, भिंग, पांढरा रुमाल आणि एक लांब काडी सोबत न्या. नळीच्या आतला, पोटाखालच्या सांध्याचा आणि भोकाच्या दोन्ही कडांचा असे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा. विक्रेत्याने घोडा उलटा करू दिला नाही तर फोटोंची गरजच उरणार नाही. करू दिला, तर ते फोटो आणि छपराबद्दल त्याने दिलेले उत्तर त्याच्याच शब्दांत मला कळवा. मग त्या ४,२०० डॉलरबद्दल मी आपल्याला नक्की काहीतरी सांगू शकेन.